नीतीला आधार कशाचा?

दहावी-बारावीच्या परीक्षांचा हंगाम जवळ आला की आपल्याकडे नीतीची चर्चा सुरू होते आणि निकाल लागले की ती संपते. मंडळ ‘कॉपीमुक्त अभियान’ जाहीर करते, भरारी पथके नेमली जातात, परिपत्रके निघतात, परीक्षा केंद्राजवळची झेरॉक्सची दुकाने बंद ठेवण्याचे हुकूम सुटतात. एवढा बंदोबस्त करूनही खिडकीतून चिठ्ठ्या आत जातात, आणि त्या पोचविणाऱ्यांत केवळ मित्रमंडळी नसतात. वडील असतात, थोरले भाऊ असतात, क्वचित गुरुजीही असतात. ज्या मुलासाठी हा खटाटोप चालतो तो सकाळी घरातल्या देवाला नमस्कार करून निघालेला असतो. चिठ्ठी पोचविणारे वडीलही मोठे श्रद्धाळू असू शकतात. आपण काही पाप करीत आहोत, असे त्यांच्या मनाला शिवतही नाही. पकडले गेलो तर नाचक्की होईल, एवढीच धास्ती असते. तेव्हा हा प्रश्न नुसता शिस्तीचा नाही. आपल्या समाजाने आपली नीती कोणत्या खुंटीला टांगून ठेवली आहे, असा तो प्रश्न आहे.

दोन खुंट्या आपल्या पूर्वापार परिचयाच्या आहेत. एक परमेश्वराच्या भयाची, दुसरी शिपायाच्या भयाची. पहिलीत अडचण अशी की परमेश्वर क्षमाशील आहे याबद्दल भक्ताची खात्री असते. नवस, प्रायश्चित्त, दानधर्म, तीर्थस्नान अशी तडजोडीची साधने त्याच्या हाताशी असतात. दुसरीत अडचण अशी की शिपाई सर्वत्र नसतो, आणि असला तरी त्याचीही समजूत घालता येते. दोन्ही ठिकाणी माणूस हिशेब करतो तो स्वतःला होणाऱ्या शिक्षेचा. आपल्या कृत्याने दुसऱ्याचे काय होईल, हा हिशेब त्यात येतच नाही. तो जेथे येतो तेथे विवेकनिष्ठ नीतीचा आरंभ होतो. सर्वांनीच नक्कल केली तर गुणपत्रिकेला रद्दीची किंमत येईल, म्हणजे नक्कल करणारा ज्या गुणपत्रिकेसाठी नक्कल करतो तिचेच मोल तो नाहीसे करीत असतो. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने १७८५ साली खोट्या वचनाचे उदाहरण घेऊन हाच मुद्दा मांडला: फेडण्याची इच्छा नसताना ‘फेडीन’ असे सांगून उसने घेणे हा सर्वांचाच नियम झाला, तर उसने देणाराच उरणार नाही. शिवाय शेजारच्या बाकावर बसलेल्या, रात्री जागून अभ्यास केलेल्या मुलीचे श्रम या व्यवहारात चोरले जातात ते वेगळेच. हे समजण्यासाठी कोणतीही पोथी उघडावी लागत नाही, आणि कोणत्याही धर्मात जन्मलेल्या मुलाला ते नाकारता येत नाही.

भंडारा जिल्ह्यातील वरठीसारखे गाव डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे अशा नीतीची गरज कोठून उत्पन्न झाली हे ध्यानात येईल. हावडा-मुंबई लोहमार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला हे गाव ‘भंडारा रोड’ या स्थानकाच्या नावानेच ठाऊक असते. एके काळी भोवतालच्या धानाच्या बांध्यांसारखेच हेही खेडे. रेल्वे आली, पुढे पोलादाचा कारखाना आला, आणि छत्तीसगड, बिहार, बंगाल अशा नाना प्रांतांची माणसे शेजारी-शेजारी राहू लागली. जुन्या खेड्यातली नीती ही ओळखीची नीती होती. चारचौघांत तोंड दाखवायचे आहे, जातपंचायत आहे, ग्रामदैवत आहे, एवढ्यावर ती तगून होती. रात्री दोन वाजता वरठीवरून धडधडत जाणाऱ्या गाडीत झोपलेल्या प्रवाशाने मात्र आपला जीव ज्यांच्या हवाली केलेला असतो त्यांतल्या एकाचेही तोंड त्याने पाहिलेले नसते. इंजिनचालक, स्थानकावर सिग्नल देणारा, थंडीत रूळ तपासत गेलेला गँगमन, यांपैकी कोण कोणत्या देवाला भजतो, की भजतच नाही, याची चौकशी कोणी तिकीट काढताना करीत नाही. भट्टीजवळ काम करणारा कामगारही यंत्र तपासून गेलेल्या माणसाचा धर्म विचारीत नाही. आधुनिक जीवन अनोळखी माणसांच्या परस्परविश्वासावर उभे आहे. त्याला पुरेल अशी नीती सर्वांना समान असलेल्या गोष्टीवरच उभी करावी लागते, आणि अशी गोष्ट म्हणजे माणसाची विचारशक्ती.

देवाचे भय गेले की माणूस मोकाट सुटेल, हा आक्षेप जुना आहे आणि तो महाराष्ट्राला नवा नाही. गोपाळ गणेश आगरकरांवर तो आयुष्यभर घेतला गेला. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते; १७ जून १८९५ रोजी ते गेले तेव्हा त्यांना चाळिशीही लागली नव्हती. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या वाचनातून त्यांच्या मनाची जी घडण झाली तिच्यात परलोकाला जागा उरली नाही. मनुष्याचे सुख वाढविणे आणि दुःख कमी करणे, हीच आचाराची कसोटी त्यांनी धरली. या माणसाने मग केले काय? भरपूर पगाराच्या नोकऱ्या सोडून न्यू इंग्लिश स्कूलमध्ये अल्प वेतनावर मास्तरकी पत्करली, कोल्हापूर प्रकरणी टिळकांसमवेत डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले, दम्याने शरीर पोखरलेले असताना फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. स्वर्गाची आशा नसलेल्या माणसाचा हा आचार आहे. त्यांची प्रेतयात्रा काढणारे स्वतःला धर्माचे रक्षक म्हणवीत होते, याची आठवण आक्षेप घेणाऱ्यांना करून देणे गैर ठरू नये.

आगरकरांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य संमतिवयाच्या वादात फार स्पष्ट दिसते. मुलींचे संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा १८९१ साली झाला. त्याच्या अलीकडे-पलीकडे वर्षभर शास्त्रार्थाचे रण माजले होते. एक पक्ष स्मृतिवचने काढून गर्भाधानसंस्कार लांबविता येत नाही म्हणे, डॉ. भांडारकरांसारखे विद्वान त्याच स्मृतींतून उलट आधार काढून दाखवीत. भांडारकरांचा हेतू उदात्त होता आणि पांडित्य निर्विवाद होते. पण वचनाने वचन खोडण्याच्या या व्यवहारात ज्या अकरा वर्षांच्या मुलीचा प्रश्न होता तिच्या शरीराला होणारी इजा बाजूला पडत होती. आगरकरांनी तिच्यापासून सुरुवात केली. शास्त्र अनुकूल असेल तर ठीक, नसेल तरी जे अपायकारक ते अपायकारकच, ही त्यांची भूमिका. आज १९७८ च्या दुरुस्तीमुळे मुलीच्या विवाहाचे किमान वय अठरा आहे, आणि ते कोणत्या स्मृतीत बसते असे कोणी विचारीत नाही. एकेकाळी ज्यासाठी जिवंत माणसाची तिरडी बांधली गेली ते आता शाळकरी मुलालाही उघड वाटते. विवेकाची प्रगती अशीच होत असते. तिची मिरवणूक निघत नाही.

मात्र हा वारसा केवळ पुण्याच्या इंग्रजी शिकलेल्यांचा आहे, असा समज विदर्भातल्या वाचकाने तरी करून घेऊ नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात असे एक घर कल्पिले की ज्यात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असेल आणि चौघे एका छपराखाली प्रेमाने नांदतील. फुले निर्मिक मानीत होते. तरीही हे घर ज्या पायावर उभे राहील तो चौघांपैकी एकाही ग्रंथाचा असू शकत नाही. आणि अमरावतीकडचे गाडगेबाबा तर अक्षरशत्रू. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्या कीर्तनात उपदेश कमी आणि प्रश्न फार. बकरे देवीला कापता की स्वतःसाठी, कर्ज काढून तेरवी कोणासाठी करता, असे ते समोरच्या अडाणी श्रोत्याला विचारीत आणि उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घेत. सॉक्रेटिसाची जी रीत विद्यापीठांत शिकविली जाते ती वऱ्हाडच्या पारावर एका परटाने कोणत्याही विद्यापीठाविना चालविली. बाबा नास्तिक नव्हते, ‘गोपाला गोपाला’ म्हणत ते नाचत. विवेकनिष्ठ नीती म्हणजे देव्हारे मोडण्याची मोहीम, असे जे चित्र रंगविले जाते ते या एका उदाहरणाने पुसले जावे. श्रद्धावानाला ती नीती वर्ज्य नाही, आणि अश्रद्ध माणसाला तिच्यासाठी खोटी श्रद्धा धारण करावी लागत नाही.

भंडारा जिल्ह्याशी या विचाराचा जो अधिक जवळचा संबंध आहे तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते उभे होते आणि पराभूत झाले. जेमतेम अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. हा धम्म या भागाला अगदीच अपरिचित नव्हता. याच जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बुद्धविषयक ग्रंथात नीतीची जी चिकित्सा आहे तिच्याकडे आपल्या शिक्षकवर्गाने अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. इतर धर्मांत नीती हा गाडीला जोडलेला डबा असतो, प्रसंगानुसार तो जोडता येतो आणि सोडताही येतो, अशी उपमा त्यांनी योजली आहे. वरठीच्या वाचकाला ती समजावून सांगावी लागणार नाही. धम्मात मात्र देवाची जागाच नीतीने घेतलेली आहे. माणसाने माणसाशी प्रेमाने वागावे ते ईश्वराला संतुष्ट करण्यासाठी नव्हे, तर माणसांना एकत्र जगावयाचे आहे म्हणून. पण आंबेडकर येथे थांबत नाहीत. चोरांच्या टोळीतही नीती असते, जातीतही असते, व्यापाऱ्यांच्या संघातही असते. आपल्यापुरती एकनिष्ठता आणि बाहेरच्याशी वैर, असे तिचे स्वरूप. म्हणून नीती असणे पुरेसे नाही, ती सर्वांना सारखी लागू झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

त्या आग्रहाचे मोल पन्नास वर्षांनी याच जिल्ह्याने पाहिले. वरठी ज्या मोहाडी तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. घरातला एकटा बाप वाचला. या कुटुंबातील स्त्रियांनी एका मारहाणीच्या गुन्ह्यात पोलिसांपुढे जबाब दिला होता. त्यातील आरोपी जामिनावर सुटले त्याच संध्याकाळी हे घडले. म्हणजे त्यांचा अपराध असेल तर तो खरे बोलण्याचा होता. ‘नेहमी खरे बोलावे’ हे वाक्य मोहाडी तालुक्यातील प्रत्येक शाळेच्या फळ्यावर कधी ना कधी लिहिले गेले असेल. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी ठरवून सहांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र या प्रकरणी लागू झाल्याचे न्यायालयांनी मानले नाही, आणि त्यावर तीव्र वाद झाला.

कायद्याचा भाग कायद्याकडे सोपवून आपण नीतीचाच विचार करू. त्या गावात धर्माची उणीव होती काय? देऊळ होते, सण होते, भजने होती. नीतीचीही उणीव होती असे म्हणता येत नाही. आपल्या माणसांना पाठीशी घालण्याची, गावाची गोष्ट गावाबाहेर न जाऊ देण्याची नीती तेथे कडेकोट होती. उणीव होती ती ‘हे मी का करीत आहे, आणि माझ्या घरावर हाच प्रसंग आला तर?’ असे जमावात उभे राहून स्वतःला विचारणाऱ्या माणसाची. असा माणूस आयत्या वेळी निर्माण होत नाही. त्याला लहानपणापासून प्रश्न विचारण्याची सवय लावावी लागते.

दुसरा प्रसंग याहून वेगळ्या जातीचा आहे, आणि कचेरीत काम करणाऱ्या वाचकाने तो अधिक निकट मानावा. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरा बालकांपैकी सात वाचविण्यात आली, दहा दगावली. इमारतीत आग विझविण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती हे नंतर उघड झाले. चौकशी झाली, काही जणांवर कारवाई झाली. येथे कोणी कोणाचा द्वेष केला नव्हता, खोटेपणाचा कटही नव्हता. एक प्रस्ताव, एक तपासणी, एक सही, एक राहून गेलेली फेरी, अशा बारीकसारीक गोष्टींची ती साखळी होती. प्राचीन धर्मग्रंथांतील पातकांच्या याद्या चाळून पाहाव्यात. ब्रह्महत्या, सुरापान, चौर्य, परदारागमन हे सगळे तेथे सापडेल. टेबलावर महिनोन्महिने पडून राहिलेली टिप्पणी हे पातक तेथे सापडणार नाही, कारण ते ग्रंथ झाले तेव्हा टेबलही नव्हते आणि टिप्पणीही. आजची बहुतेक मोठी दुष्कृत्ये मात्र याच वर्गातील आहेत. ती करणाऱ्याला आपल्या कृतीचे फळ भोगणारा दिसत नाही. न दिसणाऱ्याला डोळ्यांसमोर उभे करण्याचे काम कल्पनाशक्ती आणि तर्क यांनाच करावे लागते. गुरुवारचा उपवास ते करू शकत नाही. उपवास करणाऱ्याबद्दल हे लिहिताना मनात अनादर नाही. प्रश्न एवढाच की तो उपवास फाइलीपर्यंत पोचतो काय.

विवेकावरही आक्षेप आहेत, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बुद्धी वकिलासारखी आहे, ती पाहिजे त्या पक्षाची बाजू मांडते, असे म्हणतात. विसाव्या शतकात ज्या राजवटींनी देवाला हद्दपार केले त्यांनी माणसांनाही सुखाने जगू दिले नाही, हेही खरे आहे. परंतु त्या राजवटींनी देवाबरोबर प्रश्नालाही हद्दपार केले होते. तेथे पक्षाचे वचन हेच वेदवाक्य होते. ह्यूमने अठराव्या शतकात सांगून ठेवले की नुसता तर्क माणसाला हलवीत नाही, हलविते ती भावना. ते मान्य केले पाहिजे. आईला मुलाबद्दल वाटणारी माया तर्काने निर्माण होत नाही. पण ती माया स्वतःच्या मुलापाशी थांबते, आणि शेजारच्या पाळण्यातले मूलही तसेच रडते हे दाखवून तिला पुढे नेण्याचे काम तर्क करतो. करुणेला घराचा, जातीचा, गावाचा उंबरा ओलांडायला लावणे, एवढे जरी विवेकाला साधले तरी ते थोडे नाही.

अशा विवेकासाठी नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात प्राण द्यावे लागले. त्यांनी ज्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. २०२४ साली न्यायालयाने त्यांच्या खुनाबद्दल दोघांना जन्मठेप दिली. कायदा आवश्यक होता. पण करणीच्या संशयावरून म्हातारीला मारहाण करणारा शेजारी कायद्याचे कलम वाचून तिच्या दारी आलेला नसतो, आणि कलम वाचून परत फिरेल असेही नाही.

मग हे शिकवावयाचे कोठे? राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणाला मज्जाव केला, तर १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या ५१-क कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले. या दोहोंच्या मधल्या जागेत आपल्या शाळांचा परिपाठ उभा आहे. रोज प्रार्थना होते, सुविचार होतो, बोधकथा होते. सुविचार फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुसला जातो. तो खरा कशावरून, असे विचारण्याची मुभा कोणालाच नसते. ज्या दहा मूल्यांच्या याद्या शाळांच्या भिंतींवर रंगविल्या गेल्या त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन हेही एक मूल्य आहे; तेही पाठच करावयाचे असते, हा त्यातला विनोद.

स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे याने १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथासाठी मुले गोट्या कशा खेळतात याचे निरीक्षण केले होते. लहान मुलांना खेळाचे नियम थोरांनी घालून दिलेले, न बदलणारे वाटतात. आणि गंमत अशी की नियमांना इतके पवित्र मानूनही ती ते सर्रास मोडतात. दहा-बारा वर्षांच्या सुमारास मुलांना कळते की नियम आपण आपसांत ठरवितो आणि सर्वांची संमती असेल तर बदलतोही. तेव्हापासून ती ते अधिक कसोशीने पाळू लागतात. वरठीच्या मैदानावर हे कोणत्याही संध्याकाळी पाहावयास मिळेल. म्हणजे ज्या वयात मूल स्वतःच्या बुद्धीने नियम समजून घेण्यास सिद्ध होते नेमक्या त्याच वयात आपण त्याला वर्गात हाताची घडी घालून बसवितो.

परिपाठातला एक दिवस सुविचाराऐवजी प्रश्नाला द्यावा, एवढी साधी गोष्ट कोणत्याही शिक्षकाला आदेशाची वाट न पाहता करता येईल. सापडलेले पाकीट परत का करावे? मित्राने केलेली चोरी सांगावी की झाकावी? आजीला वाईट वाटू नये म्हणून खोटे बोललेले चालेल काय? मुलांनी दोन्ही बाजूंनी बोलावे, कारणे द्यावीत, आपले मत बदलले तर तसे सांगावे. शिक्षकाने शेवटी निकाल देण्याचा मोह आवरावा. आपल्या पिढीच्या शिक्षकांना हे सर्वांत जड जाईल. अडचणी येतील. प्रश्न विचारावयास शिकलेला मुलगा तो घरीही घेऊन जाईल, आणि हुंडा का घेता, पलीकडच्या वस्तीतल्या मुलाला चहा वेगळ्या कपात का देता, असे वडिलांना विचारील. पालक तक्रार घेऊन येतील. त्याहून मोठी अडचण अशी की तो शाळेतही विचारील: परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक व्हरांड्यात का उभे होते, ग्रंथालयाच्या कपाटाला वर्षभर कुलूप का आहे, संस्थेने भरतीच्या वेळी नव्या सरांकडून काय घेतले. असे प्रश्न मुख्याध्यापकांच्या खोलीत अगोदर मंजुरीला पाठवावे लागणार नाहीत, एवढे मात्र पाहावे लागेल.